भुकेचा अर्ज कुणाच्या सहीने पुढे सरकतो : आयर्लंड, १८२२

१८२२ च्या वसंत ऋतूत डब्लिन कॅसलमधल्या मुख्य सचिवांच्या कार्यालयात पश्चिम आणि दक्षिण आयर्लंडमधून एकाच विषयाचे कागद येऊ लागले. क्लेअर, गॉलवे, मेयो, केरी, स्लायगो अशी परगण्यांची नावं बदलत होती. कुठे एखाद्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, रहिवाशांचा सामूहिक अर्ज, कुठे कॅथलिक धर्मगुरूचं पत्र, कुठे मॅजिस्ट्रेटचा अहवाल. मजकुराचा गाभा मात्र एकच: बटाटा सडला, बियाण्यासाठी राखलेलाही खाऊन झाला, आता काम द्या नाहीतर धान्य द्या.

या कागदांचं पुढे काय झालं, हा या प्रकरणाचा विषय आहे. परक्या राजवटीला अर्जांची पर्वा नव्हती, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ते खरं नाही. अर्ज वाचले जात होते, नोंदले जात होते, त्यांवर शेरे पडत होते आणि त्या वर्षी बरीच मदतही पोचली. अडचण वेगळीच होती. भूक किती आहे हे बघण्याआधी कार्यालय सही कुणाची आहे हे बघत होतं. ज्या भागात सही करायला ‘वजनदार’ माणूसच राहत नव्हता, तिथल्या भुकेला कॅसलचं दार सापडणं अवघड होतं.

कॅसलमधली माणसं

१ जानेवारी १८०१ रोजी आयर्लंड ब्रिटनमध्ये विलीन झालं आणि डब्लिनची संसद बंद झाली. प्रत्यक्ष कारभार मात्र डब्लिन कॅसलमधूनच चालत राहिला. वर राजप्रतिनिधी म्हणून लॉर्ड लेफ्टनंट, त्याच्या हाताखाली मुख्य सचिव आणि त्याच्याखाली उपसचिव. मुख्य सचिव खासदारही असे, त्यामुळे संसदेचं अधिवेशन चालू असलं की त्याचा मुक्काम लंडनला. अशा वेळी डब्लिनमध्ये टपाल फोडायचं, कोणता कागद वर पाठवायचा आणि कोणता जागच्या जागी निकाली काढायचा, हे उपसचिवाच्या हातात असे.

१८२२ मध्ये उपसचिव होते विल्यम ग्रेगरी. १८१२ पासून ते त्या खुर्चीत होते आणि १८३१ पर्यंत राहिले. मुख्य सचिव आले, गेले; ग्रेगरी तिथेच. आपल्याकडेही मंत्री बदलतात आणि खात्यातला जुना माणूस फायलींची नस ओळखून असतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ग्रेगरींचं महत्त्व वेगळं सांगायला नको. त्यांच्या वडिलांनी ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावला होता, कंपनीचं अध्यक्षपदही भूषवलं होतं आणि त्या कमाईतून गॉलवेत कूल पार्कची जमीनदारी उभी केली होती. म्हणजे दुष्काळग्रस्त गॉलवेचे कागद ज्या टेबलावर येत होते, त्या टेबलामागे गॉलवेच्याच जमीनदार घराण्यातला माणूस बसला होता.

मुख्य सचिव हेन्री गोलबर्न हे डिसेंबर १८२१ मध्ये नेमले गेले. कॅथलिकांना राजकीय हक्क द्यायला त्यांचा विरोध होता. त्यांच्या वर लॉर्ड लेफ्टनंट म्हणून आले मार्क्विस वेलस्ली, आणि ते त्या हक्कांच्या बाजूचे. मराठी वाचकाला हे नाव नवं नाही. ज्यांच्या गव्हर्नर-जनरलपदाच्या काळात ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला आणि ज्यांच्या धाकट्या भावाने पुढच्या वर्षी असईची लढाई जिंकली, तेच हे रिचर्ड वेलस्ली. जन्माने आयरिश. हिंदुस्थानातून परतून सोळा-सतरा वर्षं झाल्यावर ते मायदेशाचे राजप्रतिनिधी झाले, आणि पहिल्याच वर्षी त्यांच्यापुढे दोन गोष्टी एकदम येऊन उभ्या राहिल्या: दक्षिणेत शेतकऱ्यांचं बंड आणि पश्चिमेत उपासमार.

अन्न होतं, पैसा नव्हता

१८२१ च्या शरदात पाऊस थांबला नाही. बटाटा जमिनीतच कुजला. त्या वर्षीच्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ६८ लाख भरली होती, आणि पश्चिमेकडच्या गरीब कुटुंबांचं जेवण म्हणजे बटाटा. ओट घरात पिकायचा, पण तो विकून जमीनदाराचा खंड भरायचा. खाण्याचं पीक वेगळं आणि खंडाचं पीक वेगळं, अशी ती रचना होती. एरवीही जुना बटाटा संपून नवा हाती येईपर्यंतचे उन्हाळ्याचे आठवडे ओढगस्तीचे असत. १८२२ मध्ये ही ओढगस्त वसंतातच सुरू झाली.

आणि तरीही बंदरांतून ओट बाहेर जात होता. १८२३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या निवड समितीने आयर्लंडमधल्या गरिबांच्या रोजगाराची चौकशी केली. तिने नोंदवलेला निष्कर्ष असा की आदल्या वर्षीचं संकट अन्नाच्या टंचाईपेक्षा अन्न विकत घ्यायला पैसा नसण्याचं होतं. हा निष्कर्ष म्हणजे सरकारी कागदावरचा कबुलीजबाबच आहे. अर्ज करणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर ते फुकट धान्यासोबत ‘काम द्या’ असं मागत होते.

एक कागद, जवळून

आता प्रत्यक्ष अर्ज कसा असे ते पाहू, कारण सगळी गोम त्याच्या मांडणीत आहे.

मोठा ताव मधोमध दुमडलेला. डोक्यावर लॉर्ड लेफ्टनंटचं नाव, सगळ्या पदव्यांसह. त्याखाली ‘अमुक पॅरिशच्या अमुक रहिवाशांचा नम्र अर्ज’. मग ‘निवेदन करतो’ या अर्थाचा ठरलेला शब्द आणि त्यानंतरचं प्रत्येक कलम ‘की’ने सुरू: की अर्जदारांचं पीक बुडालं, की त्यांच्याजवळ विकण्यासारखं काही उरलं नाही, की ते आजवर शांत आणि राजनिष्ठ राहिले आहेत. शेवटी विनंती, आणि मान्य झाल्यास अर्जदार सदैव प्रार्थना करतील असं वचन. त्याखाली सह्या, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या फुल्या.

हा साचा कोर्टाचा आणि चर्चचा. कॉनाक्टमधल्या, म्हणजे पश्चिमेच्या प्रांतातल्या, शेतकऱ्याच्या घरात आयरिश बोलली जाई. अर्ज मात्र इंग्रजीत आणि तोही या वकिली वळणाच्या इंग्रजीत द्यावा लागे. म्हणून मध्ये लिहिणारा हवा. कधी गावचा शाळामास्तर, कधी धर्मगुरू, कधी दोन पैसे घेऊन अर्ज लिहून देणारा कुणी. भुकेला माणूस स्वतः बोलतोय असं कागद भासवतो, पण शब्द दुसऱ्याचे असतात. म्हणून असे अर्ज वाचताना मी साच्याची वाक्यं बाजूला ठेवतो आणि साच्यात न बसणारं वाक्य शोधतो. काय विकलं, काय गहाण पडलं, बियाणं कधी खाल्लं, कामाची मजुरी किती दिवस थकली: अर्जदाराच्या तोंडचं जे काही लेखनिकाच्या वळणातून सुटलं असेल, ते अशा तपशिलात सापडतं.

यानंतर कागदाचा सगळ्यात मोलाचा भाग येतो, दाखल्याचा. अर्जाखाली किंवा समासात कुणीतरी लिहून द्यायचं की मी या अर्जदारांना ओळखतो, मजकूर खरा आहे. मॅजिस्ट्रेट असेल तर उत्तम. खासदार किंवा मोठा जमीनदार असेल तर आणखी उत्तम. अँग्लिकन, म्हणजे सरकारमान्य प्रोटेस्टंट चर्चचा, पाद्री चालेल. कॅथलिक धर्मगुरू बहुधा सगळ्यांत जवळचा साक्षीदार असे, कारण मरणाऱ्याच्या अंथरुणाशी तोच जायचा. पण गोलबर्न-ग्रेगरींच्या कार्यालयात त्याच्या एकट्याच्या शब्दाला मॅजिस्ट्रेटइतकं वजन असणं शक्य नव्हतं.

कागद कॅसलमध्ये पोचला की घडी घालून पाठीवर गोषवारा लिहिला जाई: पाठवणारा, ठिकाण, तारीख, विषय. त्यावर वर्षाचा नोंदणी क्रमांक पडे. १८१८ पासून ही नोंदणीची पद्धत सलग सुरू झाली होती. तीन पानांची विनवणी पाठीवरच्या दोन ओळींत बसवली जाई, आणि कामाच्या गर्दीत अधिकाऱ्याच्या नजरेस आधी त्या दोन ओळी पडत. गोषवारा लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातात केवढी ताकद होती! ‘पॅरिशमधली उपासमार’ असं लिहिलं की कागद एका दिशेला जाणार, ‘मदतीची मागणी’ म्हटलं की दुसऱ्या.

उत्तराची नक्कल वेगळ्या पत्रवहीत राहायची. त्यामुळे अर्ज एकीकडे आणि उत्तर दुसरीकडे, अशी आजच्या अभ्यासकाची स्थिती होते. अर्जाच्या पाठीवर तिरक्या अक्षरात एखादा शेरा सापडला तर नशीब.

दुसऱ्या प्रकारचं पत्र

त्याच काळात त्याच कार्यालयात वेगळेच कागद जमत होते. १८२१ च्या अखेरीस लिमरिकमधून सुरू झालेलं ‘कॅप्टन रॉक’चं बंड कॉर्क, केरीकडे पसरलं होतं. कॅप्टन रॉक नावाचा कुणी एक माणूस नव्हता. खंड, धार्मिक कर आणि बेदखली यांच्याविरुद्ध उठलेल्या कुळांनी घेतलेलं ते सामायिक नाव होतं. रात्री दारावर किंवा चर्चच्या फाटकावर नोटीस चिकटवायची: अमुक जमीन घेशील तर याद राख. खाली सही कॅप्टन रॉकची. या नोटिसांची भाषा बघण्यासारखी आहे. तारीख, हुकूम, ‘यापुढे’, ‘याद्वारे’ असं सगळं सरकारी जाहीरनाम्याचं वळण. नम्र अर्ज लिहिणारा आणि जबर नोटीस लिहिणारा एकाच प्रकारच्या शाळेत शिकलेले होते, कदाचित काही गावांत तो एकच हात असेल. मॅजिस्ट्रेट या नोटिसा भिंतीवरून काढून जशाच्या तशा कॅसलला पाठवत. म्हणून त्या टिकल्या.

आता तारखा शेजारी ठेवा. संसदेचं अधिवेशन ५ फेब्रुवारी १८२२ ला उघडलं. आठवडाभरात, ११ फेब्रुवारीला, बंडविरोधी कायद्याला राजमान्यता मिळाली: सूर्यास्तानंतर घराबाहेर सापडलेल्या माणसाला ज्यूरीशिवाय खटला चालवून सात वर्षांसाठी काळ्या पाण्यावर, म्हणजे ऑस्ट्रेलियाला, धाडता येईल असा. उपासमारीसाठी कामं काढायला पैसा मंजूर होईपर्यंत मात्र मे-जून उजाडला. बटाटा सडल्याला तोवर सात-आठ महिने झाले होते.

ही तुलना करताना मला राग येतो आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही. धमकीच्या नोटिशीला दाखला लागत नाही. ती स्वतःच स्वतःचा पुरावा असते. अर्जाला मात्र साक्षीदार, वर्गणीची यादी आणि राजनिष्ठेची ग्वाही लागते. अर्जदारांनाही हे कळत होतं. ‘आम्ही आजवर शांत राहिलो’ या ओळीचा अर्थ कॅसलमध्ये नीट समजला जाई: आजवर.

अर्जाचं उत्तर : रस्ता

कॅसलचा पहिला प्रतिसाद आधीच्या दुष्काळाचा दाखला धरून आला. १८१६-१७ मध्ये, रॉबर्ट पील मुख्य सचिव असताना, अशीच वेळ आली होती. तेव्हा बसलेली घडी अशी: आधी स्थानिकांनी समिती नेमावी, वर्गणी काढावी, मग सरकार हातभार लावेल. कागदावर हे रास्त दिसतं. पण वर्गणी द्यायला जमीनदार गावात हवा ना? कॉनाक्टच्या कित्येक जमीनदारांचा मुक्काम डब्लिन, लंडन, बाथ इथे. गावात उरलेला एकमेव शिकलेला माणूस बऱ्याचदा कॅथलिक धर्मगुरू, आणि त्याचं उत्पन्न त्याच उपाशी लोकांच्या देणगीवर चालणारं. जिथे गरज जास्त, तिथे अट पुरी होण्याची शक्यता कमी.

त्या उन्हाळ्यात सरकारने ही अट काही अंशी बाजूला ठेवली, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. सरकारने थेट अभियंते पाठवले. पश्चिमेला अलेक्झांडर निम्मो, दक्षिणेला रिचर्ड ग्रिफिथ, क्लेअर आणि आसपासच्या भागात जॉन किलाली. दुष्काळी कामं निघाली. खडी फोडायची, भराव घालायचे, मोऱ्या बांधायच्या आणि मजुरी घ्यायची.

ग्रिफिथचे रस्ते कुठून गेले ते नकाशावर पाहिलं की कॅसलच्या मनातलं दुसरं गणितही दिसतं. कॉर्क, केरी आणि लिमरिक यांच्या सीमेवरचा डोंगराळ, दलदलीचा मुलूख हा कॅप्टन रॉकच्या माणसांचा आसरा होता. तिथे घोडदळाला जाता येत नव्हतं. ग्रिफिथने नेमका तिथूनच रस्ता काढला, आणि रस्त्याने मुलूख शांत झाला असं पुढे आग्रहाने सांगितलं. अर्जदारांनी मागितली होती मजुरी. सरकारने मजुरी दिली आणि सोबत शिपायांसाठी वाटही करून घेतली. पण त्याच वाटेने लोणी कॉर्कच्या बाजारात जाऊ लागलं, हेही तितकंच खरं.

कॉनेमारात, म्हणजे गॉलवेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या भागात, चित्र थोडं वेगळं. निम्मोला तो भाग ठाऊक होता. दहा वर्षांपूर्वी दलदलींच्या सरकारी पाहणीसाठी त्याने तो पायाखाली घातला होता आणि चाकाची गाडी जाईल असा रस्ताच नाही, हे लिहून कळवलं होतं. तो अहवाल फायलीत पडून राहिला. त्याच किनाऱ्यावर जॉन डार्सी हा जमीनदार क्लिफडेन नावाचं नवं गाव वसवू पाहत होता आणि रस्ता व धक्का यांसाठी सरकारच्या मागे लागला होता. डार्सी गावात राहणारा, जमीनदार आणि संपर्क असलेला. सरकारला हवी तशी सही. तरी दुष्काळ येईपर्यंत त्याचंही काम होत नव्हतं. १८२२ मध्ये निम्मोच्या आराखड्यावर क्लिफडेनचा धक्का सुरू झाला आणि गॉलवेहून औटरार्डमार्गे येणाऱ्या रस्त्याचं काम हाती घेतलं गेलं. क्लिफडेनच्या भरभराटीची सुरुवात तिथून. एका बाजूला जुना तांत्रिक अहवाल, दुसऱ्या बाजूला जमीनदाराची मागणी आणि मध्ये उपाशी लोकांचे अर्ज. हे तिन्ही एका वेळी टेबलावर आले तेव्हा फाईल हलली. एकट्या अर्जाने ती हलली नसती, आणि वर्षानुवर्षं एकट्या डार्सीनेही हलली नव्हती.

लंडनच्या टॅव्हर्नमधून

मे १८२२ मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी आणि सावकारांनी सिटी ऑफ लंडन टॅव्हर्नमध्ये सभा घेऊन मदत समिती स्थापन केली. तिने तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. त्या काळच्या मानाने हा आकडा प्रचंड आहे.

माझ्या दृष्टीने रकमेइतकीच महत्त्वाची आहे ती समितीची पत्रव्यवहाराची रीत. समितीने पॅरिशमधल्या दोन्ही पंथांच्या धर्मगुरूंशी थेट पत्रं सुरू केली: किती कुटुंबं, किती उपाशी, ताप पसरलाय का, पीठ कुठल्या बंदरात उतरवू? कॅथलिक धर्मगुरूच्या एकट्याच्या पत्रालाही इथे उत्तर मिळू शकत होतं. तुआमचे अँग्लिकन आर्चबिशप पॉवर ट्रेंच हे कॅथलिकांच्या धर्मांतराच्या मोहिमेचे पुढारी. पण त्या उन्हाळ्यात मदतीच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिलं आणि कॅथलिक धर्मगुरूंसोबत समित्यांत बसले. उपासमारीने मोठ्या संख्येने होऊ घातलेले मृत्यू टळले. टायफसच्या तापाने माणसं गेली, पण १८१७ सारखा हाहाकार झाला नाही.

हीच माहिती कॅसलकडेही होती. नोंदणी क्रमांकासह, पाठीवर गोषवारा लिहून, कप्प्यात ठेवलेली.

उरलेल्या पैशातून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या दहा परगण्यांत गरिबांना छोटी कर्जं देणारा निधी स्थापन झाला. कर्जासाठी अर्थातच दोन जामीन लागत. सहीचा प्रश्न तिथेही सुटला नव्हता, फक्त ती सही आता शेजाऱ्याची चालत होती.

कागद उरले कसे

३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ च्या जनगणनेची बहुतांश पानं त्यातच जळाली. मुख्य सचिवांच्या कार्यालयाचे कागद मात्र कॅसलच्या जुन्या बुरुजात वेगळे ठेवलेले होते, म्हणून वाचले. आज आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यांतल्या सुरुवातीच्या वर्षांची तपशीलवार सूची केली आहे आणि ती घरबसल्या चाळता येते. परिणाम असा की अनेक पॅरिशमधल्या गरीब माणसांची १८२१-२२ मधली नावं जनगणनेत सापडत नाहीत, ती सापडतात अर्जाखालच्या फुल्यांशेजारी. ज्या सह्यांना तेव्हा वजन नव्हतं, त्याच आता आपले पूर्वज शोधणाऱ्यांच्या कामी येताहेत.

उपसचिव ग्रेगरींचा नातू विल्यम हेन्री ग्रेगरी १८१६ मध्ये फिनिक्स पार्कमधल्या आजोबांच्या सरकारी निवासात जन्मला. पुढे तो खासदार झाला. १८४७ मध्ये, महादुष्काळाच्या ऐन भरात, गरीब कायद्यात त्याने सुचवलेलं एक कलम घातलं गेलं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्या कुळाला ती सोडल्याशिवाय सरकारी मदत मिळणार नाही. १८२२ मध्ये मदतीसाठी दुसऱ्याची सही आणावी लागत होती. पंचवीस वर्षांनी ती अर्जदारालाच करावी लागली, जमीन सोडल्याच्या कागदावर.